यादीत तेविसावा

स्वोर्ड्स, डब्लिन
मंगळवार, ९ नोव्हेंबर २०२१

स्वरांगी,

अक्षर ओळखलंस ना? फाडू नकोस, आधी वाच. तू फोन उचलत नाहीस, मेसेजचं उत्तर देत नाहीस, आणि काल विमानतळावर निघता निघता तुझ्या आईने मला स्पष्ट बजावलं, "निरोप्याचं काम मी करणार नाही. मुलगी तुमची, तुमचं तुम्ही बघा." मग उरलं पोस्ट. मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत लिहायला बसलो की माझी तक्रार-अर्जाची भाषा सुरू होते. लहानपणी शनिवारी सकाळी आई तुला बाराखडी गिरवायला बसवायची आणि तू भोकाड पसरायचीस, त्याचा आज काहीतरी उपयोग होऊ दे. जोडाक्षर अडलं तर आईला विचार. तेवढं सांगेल ती.

आता ती तुझ्याकडे पोचली असेल, नातीला मांडीवर घेऊन बसली असेल. वीस महिन्यांनी अमेरिकेने दार उघडलं आणि पहिल्याच दिवशी प्रभाबाई उडाल्या. तिकीट काढून! मला न विचारता, पैसे भरून, एखाद्या गिऱ्हाइकासारखं. मी म्हटलं, अगं, एकतीस वर्षं या कंपनीच्या विमानांची इंजिनं उघडली आणि मिटली मी, ती काय शेवटी गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभं राहायला? तर म्हणाली, "तुम्ही तुमच्या यादीत उभे राहा. मला ईशानीला बघायचंय."

तर मी यादीत उभा आहे. आज गेलो होतो, ४१ नंबरची बस पकडून. विमानात रिकाम्या राहिलेल्या जागा सात, आणि त्या जवळजवळ फुकटात मिळणाऱ्या जागांची वाट बघत उभे असलेले आजी-माजी कर्मचारी एकतीस. मी तेविसावा.

तेविसावा का, ते ऐक. मी असताना नियम सरळ होता. ज्याची नोकरीची तारीख जुनी तो आधी, मग तो कामावर असो नाहीतर निवृत्त. त्या हिशेबाने आज मी दुसरा असतो. पण २०१८ च्या जानेवारीत, म्हणजे मी निवृत्त होऊन तीन महिने झाले न झाले तोच, नियम फिरवला. आधी सगळे कामावरचे, मग सगळे निवृत्त. काल लागलेलं पोरगंसुद्धा माझ्या पुढे. आणि हा नियम सुचवला कुणी? विशालने! माझ्या हाताखाली पाना धरायला शिकलेल्या विशालने. आता कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी झालाय तो.

तुझ्या लग्नाला मी पोचलो नाही तो याच नियमामुळे. तू म्हणालीस, "बाबा, डिड इट नेव्हर ऑकर टु यू टु जस्ट बाय अ तिकीट?" आणि फोन ठेवलास, तो ठेवलासच. अडीच वर्षं होत आली. मला अडवलं ते नियमाने, हे तू एकदा तरी समजून घ्यायला हवं होतंस.

असो. अठ्ठावीसला ईशानीचा पहिला वाढदिवस. मधे एकोणीस दिवस आहेत. नात वर्षाची झाली आणि तिला मी फक्त तुझ्या आईच्या फोनवर बघितलंय, तेही तुझं लक्ष नसताना. मी त्या दिवशी तिथे असणार. हक्काच्या जागेवर बसून येणार.

तुझा
बाबा


सोमवार, १५ नोव्हेंबर

स्वरांगी,

चार वेळा गेलो, चारही वेळा परत. तेविसावा, एकोणिसावा, सव्विसावा, एकविसावा. सापशिडी खेळतोय की काय असं वाटायला लागलंय.

पहाटे उठतो, दाढी करतो, इस्त्रीचा शर्ट घालतो. यादीतल्या माणसाने नीटनेटकं जायचं असतं, बिझनेस क्लासमध्ये जागा सुटली तर जीन्सवाल्याला देत नाहीत, हे डोक्यात इतकं बसलंय की सासऱ्याला भेटायला निघाल्यासारखा नटतो. दर तीन दिवसांनी नाकात ती काडी घालून घेतो, कारण तपासणीचा कागद ताजा लागतो. फार्मसीतली मुलगी आता मला नावाने ओळखते. ‘यू'ल बी ग्रँड, शिरीष,’ म्हणते आणि काडी पार मेंदूपर्यंत नेते.

काउंटरवर ईफा म्हणून एक मुलगी असते. बिचारी सज्जन आहे. मी दिसलो की तिचा चेहरा आधीच पडतो. विमान सुटायला तासभर उरला की ती नावं पुकारायला लागते, आणि आम्ही सगळे एकमेकांकडे न बघता उभे असतो. एकमेकांचं वाईट चिंतायचं आणि हसून ‘हाऊ आर यू’ म्हणायचं, असा तो तास.

परवा माझ्यापुढे एक हवाई सुंदरी होती, चोविशीची असेल. दोन वर्षं नोकरी. दोन! मी चिडून विचारलंच, कुठे एवढी घाई? तर म्हणाली, पाच दिवसांची रजा मिळालीय, त्यातला एक आजच गेला, बॉयफ्रेंडला दीड वर्षांनी बघणार आहे. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती रडायलाच लागली. विशालचं म्हणणं नेमकं हेच आहे म्हणे, कामावरच्यांना दिवस मोजून मिळतात, निवृत्तांना सगळे दिवस रिकामे. रिकामे! मी त्याला चार वर्षांत अकरा पत्रं लिहिली आहेत. त्यातलं सातवं मला अजून तोंडपाठ आहे.

बुधवार-गुरुवारी गर्दी कमी असते. तेव्हा बघतो. पुढच्या आठवड्यात तुमचं थँक्सगिव्हिंग, म्हणजे सगळा आयर्लंड बोस्टनला लोटणार.

घरात करमत नाही. टीव्ही लावतो, बंद करतो. चहा करतो, विसरतो. ईशानीसाठी तिळाचे लाडू वळलेत, तुझ्या आईच्या वहीत बघून. तिला दात किती आलेत ते माहीत नाही, म्हणून मऊच ठेवलेत. डबा किचनच्या कपाटात आहे, आणि बॅग दाराशी. जाता-येता त्या बॅगेवर ठेचकाळतो, पण आत नेऊन ठेवत नाही.

तुझी आई काल फोनवर म्हणाली, "तिकीट काढा हो आता." मी फोन ठेवला. मग वाईट वाटलं. परत केला तर तिने उचलला नाही. घरात सगळ्यांनाच ती सवय लागलीय.

बाबा


शुक्रवार, २६ नोव्हेंबर
टर्मिनल टू, खालच्या मजल्यावरचा कॅफे

स्वरांगी,

रागात लिहितोय, अक्षर लागलं नाही तर राहू दे.

आज शेवटचा दिवस होता. आज निघालो असतो तर संध्याकाळी तुझ्याकडे, उद्याचा दिवस तुझी मनधरणी करायला, आणि परवा वाढदिवस. नऊ वेळा परत गेल्यावर आज पहिल्यांदा यादी आखूड होती. थँक्सगिव्हिंग काल होऊन गेलं, जाणारे गेले. ईफाने लांबूनच अंगठा दाखवला. कामावरचे सगळे बसून एक जागा उरत होती आणि निवृत्तांत मी पहिला.

तेवढ्यात विशाल आला. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक. त्याचा मेहुणा असतो बोस्टनला, चार दिवस सुट्टी आहे म्हणून चाललेला. वेळेच्या आत पोचला होता, नाव नोंदवलं, आणि यादीत माझ्या वर जाऊन बसला. मी अठ्ठ्याऐंशी सालापासून... चुकलो, शहाऐंशी सालापासून. तो दोन हजार सहापासून. जागा एकच.

त्याने माझ्याकडे बघितलं, दाराशी ठेवायची ती बॅग बघितली. जवळ येऊन म्हणाला, "सर, स्वरांगीकडे चाललात? तुम्ही जा. मी माझं नाव काढून घेतो, उद्या बघीन."

असं घडलं. पुढचं आत्ता लिहवत नाही. विमान गेलं. मी इथे आहे.


रविवार, २८ नोव्हेंबर

स्वरांगी,

आज ईशानीचा वाढदिवस. तिला उदंड आयुष्य. तुझ्या आईने फोटो पाठवला, केकमध्ये दोन्ही हात घातलेत तिने. डोळे थेट तुझे आहेत. वरचे दोन दात दिसले.

परवाचं अर्धं पत्र पोस्टात टाकलं नव्हतं, या पत्रासोबतच पाठवतोय. त्याचा राहिलेला भाग असा.

विशाल म्हणाला, तुम्ही जा. आणि मी, चार वर्षं अकरा पत्रं लिहून जी जागा मागत होतो ती समोर आलेली असताना, ईफासमोर, त्या सगळ्या रांगेसमोर मोठ्याने म्हणालो, "मला मेहेरबानी नको. नियम बदल आणि मग दे." तो म्हणाला, "सर, नियम एका दिवसात बदलत नाही. पण काउंटर वीस मिनिटांत बंद होतंय." मी म्हटलं, "मग तू जा. तुझा नियम आहे ना? बस त्याच्यावर आणि जा." ईफा दोघांकडे बघत होती. त्याने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा माझा हात धरला. मी झटकला. मग तो गेला. जाताना मान खाली होती त्याची, जिंकल्यासारखा तर नव्हताच चालत.

मी कॅफेत बसलो आणि तुला लिहायला घेतलं, की बघ, पुन्हा नियम आडवा आला. पत्राची सुरुवात तशीच केली होती ना मी? आणि अर्ध्यात माझं मलाच लिहवेना. कारण हे सगळं मी आधी एकदा केलेलं आहे. ते तुला माहीत नाही. तुझ्या आईलाही माहीत नाही.

२०१९ चा जून. गुरुवारी एकच जागा मिळाली, ती मी आईला दिली, तेवढं खरं आहे. शुक्रवारी मी पुन्हा गेलो. शनिवारी तुझं लग्न. काउंटरवर नाव नोंदवलं आणि माझ्यापुढे कामावरचे बारा जण बघून डोकं फिरलं. तिथे थांबायचं सोडून मी तरातरा मागच्या इमारतीत गेलो, विशालच्या ऑफिसात. टेबलावर हात आपटला. म्हटलं, उद्या माझ्या मुलीचं लग्न आहे आणि तुझ्यामुळे मी इथे उभा आहे.

तो शांतपणे म्हणाला, "सर, २००७ चा जुलै आठवतो? माझ्या मुलाचं बारसं होतं पुण्याला. लंडनहून पुढचं तिकीट होतं, फक्त लंडनपर्यंतची एक जागा हवी होती. मी सकाळपासून उभा होतो. तुम्ही शेवटच्या क्षणी आलात आणि तुमची तारीख जुनी म्हणून ती जागा तुम्हाला गेली. तुम्ही लॉर्ड्सला मॅच बघायला चालला होतात." मला तो दिवस आठवत होता. मॅच तर चांगलीच आठवत होती. विशाल तिथे उभा होता हे मात्र आठवेना. किंवा आठवत होतं आणि मी बघितलं नव्हतं. म्हणून त्याने तो नियम आणला होता, स्वरांगी, मला छळायला नाही.

मी काय म्हणायला हवं होतं? चुकलं रे बाबा, एवढंच. पण मी वाद घालायला लागलो. तेव्हाचा नियम तसा होता, मी नियमाने गेलो, वगैरे वगैरे. आणि मधेच त्याच्या टेबलावरचा फोन वाजला. काउंटरवरून होता, मी तणतणत कुठे गेलो ते त्यांनी ऐकलं होतं. पुढच्या बारापैकी चार आलेच नव्हते, दोन कुटुंबं सगळ्यांना एकत्र जागा नाही म्हणून मागे राहिली होती, जागा सुटली होती, आणि माझं नाव पुकारत होते.

विशाल उभाच राहिला. "सर, पळा! नाव पुकारलंय तुमचं. दहा मिनिटं आहेत."

आणि मी म्हणालो, "आधी हे मिटू दे."

हे वाक्य मी अडीच वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. तू बोस्टनमध्ये मेंदी लावून बसली होतीस आणि तुझा बाप डब्लिनमध्ये म्हणत होता, आधी हे मिटू दे. विशाल अक्षरशः मला ढकलत दारापर्यंत घेऊन गेला. मी दाराशी उभं राहून अजून दोन मुद्दे मांडले. काउंटरवर पोचलो तेव्हा जागा माझ्यामागच्या माणसाला गेली होती. आणि पहिला विचार माझ्या मनात काय आला असेल? की बघा, निवृत्तांवर कसा अन्याय होतो. त्याच संध्याकाळी दुसऱ्या कंपन्यांची तिकिटं मिळत होती, लंडनवरून, शॅननवरून. मी शनिवारी दुपारपर्यंत पोचू शकलो असतो. मी घरी गेलो आणि आणखी एक तक्रारपत्र लिहिलं. तुझं लग्न लागत होतं तेव्हा मी त्याचा तिसरा मसुदा करत होतो.

म्हणजे नियमाने मला अडवलंच नव्हतं. नियमाने मला बोलावलं होतं आणि मी गेलो नाही.

आता तू म्हणशील, हे आत्ता का सांगतोय हा माणूस. कारण परवा पुन्हा तेच केलं, नातीच्या वाढदिवसाला. साठी उलटली, पासष्टी उलटली, आणि माणूस तिथल्या तिथे. माझी मलाच शिसारी आली. त्या दिवशी कॅफेतून उठून घरी आलो, बॅग तशीच दाराशी टाकली, आणि लाडवांचा डबा उघडून एकटा बसून चार लाडू खाल्ले. मग रडू आलं. तुझ्या आजीच्या वेळेस रडलो होतो, त्यानंतर आत्ता.

माफ कर असं लिहिणार होतो. पण ते मागायलासुद्धा तुझ्यासमोर उभं राहायला पाहिजे. कागदावर मागून मोकळा होणार नाही मी.

बाबा


गुरुवार, २ डिसेंबर

स्वरांगी,

आज दोन कामं केली.

पहिलं, विशालला फोन केला. तो परत आलाय. तीन-चार वेळा घसा खाकरला, मग म्हटलं, "विशाल, २००७ चं माझं चुकलं. गेल्या शुक्रवारचंही." तो म्हणाला, "सर, मुलगा चौदा वर्षांचा झाला आता. जेवायला या एकदा." म्हटलं, येतो. नियमाबद्दल अवाक्षर काढलं नाही, मी नाही आणि त्यानेही नाही. मला अजूनही वाटतं की एकतीस वर्षं घालवलेल्या माणसाला सगळ्यांच्या खाली टाकणं बरोबर नाही. पण पाच दिवसांची रजा घेऊन आलेल्या त्या पोरीला मागे ठेवणं हेही मला आता बरोबर म्हणवत नाही. दोघांना एक जागा कशी द्यायची, हे कुठल्याही समितीला सुटणार नाही. बारावं पत्र मी लिहिणार नाही एवढं नक्की.

दुसरं काम, तिकीट काढलं. कॉम्प्युटरवर कार्डाचे आकडे घालताना दोनदा चुकलो. शेवटी शेजारच्या मुलीला बोलावलं. तिने विचारलं, पहिल्यांदाच विमानाने चाललाय का? मी हो म्हटलं.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. त्या दिवशी यादीत ज्या कुणाला शेवटची जागा मिळाली असती, त्याची जागा माझ्या तिकिटाने जाणार. तो काउंटरजवळ इस्त्रीचा शर्ट घालून उभा असेल आणि मी त्याच्यासमोरून चालत जाईन. त्याच्याकडे बघून जाईन, एवढंच माझ्या हातात आहे.

आता नीट वाच. तू लहान असताना मी कुठेही गेलो की तू आईला विचारायचीस, बाबा कधी येणार? आणि ती दर वेळी तुला तेच सांगायची, जागा मिळाली की. कधी एक दिवस, कधी तीन दिवस उशीर व्हायचा. म्हणून मला न्यायला विमानतळावर कधी कुणी आलंच नाही. कुणाला किती वाजता यायला सांगणार? इतरांचे बाप दारातून बाहेर यायचे तेव्हा त्यांची पोरं कठड्याला लटकून उभी असायची, ते मी बॅग घेऊन एकट्याने बघत जायचो. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, निदान मी तशी समजूत करून घेतली.

शनिवार, १८ डिसेंबर. माझी जागा सत्तावीस डी. बोस्टनला उतरायची वेळ दुपारी तीन पंचेचाळीस, तुमच्या घड्याळाने. हे पत्र तुला माझ्या बरंच आधी पोचेल. बोलू नकोस माझ्याशी, गाडीत मागे बसव हवं तर, घरी नेऊ नकोस, हॉटेलवर सोड. पण मला न्यायला ये.

तुझा
बाबा